तहसीलमधली शेतरस्त्याची केस: अकरा तारखा आणि मधेच आलेलं एक पत्र

शेजाऱ्यानं वाट अडवली आणि आता तहसीलला जावं का गावातच मिटवावं या घोरात जे बसलेत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय लिहायलेय. मी जाऊन आलेय. मागच्या जूनमध्ये अर्ज दिला, यंदाच्या फेब्रुवारीत वाट मोकळी झाली. तारखा अकरा. वकील लावला नाही, तरी नकला, अर्ज, झेरॉक्स मिळून साडेसात हजारांच्या आसपास गेले. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून जाण्यायेण्याचं परवडलं. पाचपैकी गुण द्यायचे तर तहसीलला साडेतीन देते. दीड गुण कशापायी कापला ते पुढं नीट सांगते, लिहायला बसले ती त्याच्यासाठीच.

लातूर जिल्हा, मांजरेच्या काठचं गाव. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या साहेबांपुढं केस चालली ते अजून त्याच खुर्चीत आहेत आणि आमचं वरचं प्रकरण चालू आहे. चार एकर दहा गुंठे रान, काळी भारी जमीन. खरिपाला सोयाबीन-तूर, मागून हरभरा. मालक जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून शेती मीच बघते. घरी सासूबाई आहेत, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो.

रानात जायची वाट ओढ्यापासून निघते आणि चुलत दिरांच्या रानाच्या धुऱ्याकडेनं आमच्या बांधाला लागते. आत्याबाई सांगतात, "माझं लग्नाचं वऱ्हाड याच वाटंनं आलं, सात बैलगाड्या होत्या." वैशाखात एका रात्रीत ती वाट नांगरली गेली. सकाळी जाऊन बघते तर सिमेंटचे खांब आणि तीनपदरी काटेरी तार. विचारायला गेले तर भाऊजी ओसरीवरूनच म्हणाले, "वहिनी, वाट कागदावर हाय का? आसंल तर दावा."

मग कागद शोधायला निघाले.

तहसीलच्या फाटकासमोर कडुलिंबाखाली एक अर्जनवीस काका बसतात. पत्र्याचं शेड, एक टेबल, त्यावर लॅपटॉप, आणि जुना टाइपरायटर पोत्यानं झाकून कोपऱ्यात. नोकरीची सगळी वर्षं महसुलात गेली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पानाला साठ रुपये घेतात, सल्ल्याचे काही घेत नाहीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, वाट जुनी हाय का नवी मागायची?"

हा प्रश्न प्रत्येकानं आधी स्वतःला विचारावा, कारण दोन्हीचे कायदे वेगळे आहेत. वहिवाटीची जुनी वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ (मामलेदार म्हणजे तहसीलदारच). वाटच नाही आणि बांधावरून नवी पाहिजे असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. पहिल्या कायद्यात अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. आमच्या शेजारच्या गावातला एक माणूस "होईल नीट, भावकी हाय" म्हणत वर्षभर थांबला आणि मुदतीवरच त्याचा अर्ज गेला. भावकी आहे म्हणून थांबू नका. अर्ज द्या, बोलणं चालू ठेवा.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल काढली. काकांनी ती टेबलावर पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि भिंग घेऊन वाकले. नकाशावर तुटक रेघ एकेरी असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फूट रुंद. तुटक रेघा दोन, शेजारी-शेजारी असतील तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फूट. आमच्या गटाकडं ओढ्यापासून दोन तुटक रेघा येत होत्या. काही ठिकाणी शाई इतकी पुसट की भिंगाशिवाय दिसेना, पण होत्या. काकांनी माझं बोट धरून त्या रेघांवरून फिरवलं. "हे बघा तुमच्या सासूबाईंचं वऱ्हाड," म्हणाले. मला तिथंच भरून आलं.

मराठवाड्यातल्यांनी आणखी एक कागद जरूर काढावा, १९५४-५५ चं खासरा पत्रक. आपला मुलूख १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला आणि त्यानंतरच्या पाहणीत कोणता सर्व्हे नंबर कोण कसतंय ते लिहिलं गेलं. गट पडल्यावर नंबर बदलले, वाटण्या झाल्या, त्यामुळं जुनं कुळमूळ जुळवायला तोच कागद कामाला येतो. आमच्या केसमध्ये त्यावरूनच दिसलं की दोन्ही रानं एकेकाळी एकाच खात्यात होती आणि वाट दोघांचीही होती.

आता तहसीलच्या सेवेबद्दल. आवक-जावकच्या खिडकीवर अर्ज दिला की पोच लगेच मिळते, त्यासाठी कुणाच्या मागं फिरावं लागलं नाही. पेशकार ताई, म्हणजे साहेबांपुढं केसचे कागद ठेवणाऱ्या, चांगल्या आहेत, तारीख बदलली की दोनदा स्वतःहून फोन केला. बसायला मात्र जागा नाही. बाकं तीन, माणसं पन्नास. बायांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि चावी शिपायाकडं मागावी लागते, हे शोभत नाही. नोटिसा बजावायला पहिले दोन महिने गेले, कारण भाऊजी घरी असून सापडेनात. शेवटी ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या पूर्वीच्या तलाठ्यांनी, पंचांसमक्ष दारावर नोटीस चिकटवली.

स्थळ पाहणीला पूर्ण गुण. सप्टेंबरात, पावसानं उघडीप दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, तहसीलदार साहेब स्वतः आले. वय तिशीच्या आतबाहेर. काळ्या रानातला चिखल बुटाला धरायला लागला तसे बूट काढून हातात घेतले आणि ओढ्यापासून आमच्या बांधापर्यंत चालत आले. मंडळ अधिकाऱ्यांनी टेप धरला. नांगरलेल्या पट्ट्यात एका जागी माती उकरून बघितली, तर खाली मुरूम-खडी लागली. गाडीवाटेला टाकलेला मुरूम. रानात मुरूम कोण टाकतंय? साहेबांनी तो मूठभर उचलून पंचनाम्यात लिहायला सांगितला. आत्याबाईंना बांधावर गोधडी टाकून बसवलं होतं. त्यांचं वय बघून साहेब शेजारी उकिडवे बसले आणि विचारलं, "आजी, ही वाट तुम्ही कधीपासून बघताय?" आत्याबाई म्हणाल्या, "तुमचा बाप जल्मला नसंल तवापासून." जबाबात तेवढं सोडून बाकी सगळं आलं.

पण निकाल यायच्या आत सोयाबीन काढणीला आलं. तार तशीच. मळणीयंत्र रानात जाईना. चार बाया लावून कापलेलं सोयाबीन भारे बांधून डोक्यावर ओढ्यापलीकडं नेलं आणि दुसऱ्याच्या पडीक जागेत बनीम, म्हणजे गंजी, लावली. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी परतीचा पाऊस आला. ताडपत्री होती, पण बुडातून पाणी शिरलं. निम्म्या मालाला डाग पडला आणि अडतीवर तो वेगळा काढला. केस लांबते म्हणजे काय होतं, ते घरी बसून कळत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल आला. चार पानं. नकाशा, खासरा, मुरूम, तीन साक्षी आणि भाऊजींचं म्हणणंसुद्धा, सगळ्याचा विचार केलेला. शेवटी लिहिलं होतं की वहिवाटीचा गाडीमार्ग सिद्ध होतो, अडथळा काढावा, पुन्हा अडथळा करू नये. अडथळा काढायची तारीख २९ नोव्हेंबर ठरली आणि पोलीस बंदोबस्ताचं पत्र गेलं. मी जेसीबीवाल्याला पाचशे रुपये इसार देऊन आले.

२७ तारखेला सायंकाळी पेशकार ताईंचा फोन आला. "ताई, परवा येऊ नका. स्थगिती आलीया."

कुठून आली, कुणी दिली, त्यांना बोलता येईना. दुसऱ्या दिवशी तहसीलला जाऊन नकलेचा अर्ज टाकला. पाच दिवसांनी नक्कल हातात पडली. दोन कागद होते. पहिला मंत्रिमहोदयांच्या कार्यालयाचा. सही मंत्र्यांची नव्हे, खासगी सचिवांची. सोबत भाऊजींचं निवेदन, आणि पत्रात एवढंच की निवेदनाची पडताळणी होईपर्यंत आदेशाची अंमलबजावणी करण्यात येऊ नये. कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कलमाखाली, काही नाही. मला नोटीस नाही, माझं म्हणणं नाही. दुसरा कागद तहसीलचा, तीन ओळींचा: मंत्रिमहोदयांच्या कार्यालयाकडील पत्रान्वये सदर प्रकरणी अंमलबजावणी पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत आहे. खाली त्याच साहेबांची सही, जे चिखलात बूट हातात घेऊन चालले होते.

चार पानांचा विचार तीन ओळींनी बांधून ठेवला. कापलेला दीड गुण तो हाच.

मंत्र्यांकडं गाऱ्हाणं घेऊन जायला माझी ना नाही. आपण सगळेच जातो. निवेदनाच्या कोपऱ्यात "तपासून नियमानुसार उचित कार्यवाही करावी" असं लिहून मंत्री खाली पाठवतात, त्यात वावगं काही नाही. नियमानुसार म्हटलंय, तपासा म्हटलंय, निर्णय अधिकाऱ्याकडंच ठेवलाय. पण "अंमलबजावणी करू नये" हा निर्णय झाला. तो कायद्यानं ज्याला दिलाय त्यानंच घ्यायचा असतो. काकांनी नक्कल वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, कायद्याचं नावच बघा. मामलेदार न्यायालय. हितं तहसीलदार म्हंजी कोर्ट. या कोर्टात मंत्र्यांचं टेबल न्हाई."

आणि भाऊजींना दाद मागायला दार बंद होतं असंही नाही. त्याच कायद्याच्या कलम २३ मध्ये लिहिलंय की मामलेदाराच्या आदेशावर अपील नाही, पण जिल्हाधिकारी प्रकरणाचे कागद मागवून फेरतपासणी करू शकतात आणि ते काम उपविभागीय अधिकाऱ्यांकडं सोपवता येतं. तिथं जायचं, अर्ज द्यायचा, स्थगिती मागायची, मलाही नोटीस निघेल, मीही बोलेन. हे दार सोडून त्यांनी मुंबईची गाडी धरली.

माझा भाचा खंडपीठात एका वकिलांच्या हाताखाली आहे. त्याला नक्कल पाठवली. त्यानं रविवारी येऊन मला जुने निकाल मराठीत समजावून सांगितले. दोन-तीन इथं देते, कारण तहसीलच्या पायरीवर बसलेल्या माणसाला हे कुणी सांगत नाही.

पहिला मुंबईचा. अंधेरीला सिनेमागृह बांधायची परवानगी १९४७ मध्ये पोलीस आयुक्तांनी दिली. कायद्यानं तो अधिकार आयुक्तांचा. लोकांच्या तक्रारी झाल्या आणि थोड्याच दिवसांत आयुक्तांचं पत्र आलं की सरकारच्या निर्देशावरून परवानगी रद्द करण्यात येत आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९५१ मध्ये निकाल लागला. न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिला. ते आधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी म्हटलं की हा आयुक्तांचा आदेशच नाही, आयुक्तांनी फक्त सरकारचा निरोप पोचवला. परवानगी रद्द करायचा अधिकार आयुक्तांना जरूर होता, पण तो त्यांनी स्वतःच्या डोक्यानं वापरायला हवा होता. आणि नंतर येऊन "माझ्याही मनात तेच होतं" असं सांगून आदेशाचा अर्थ बदलता येत नाही, कागदावर जे लिहिलंय तेच धरायचं.

हे ऐकताना माझ्या मांडीवर तीन ओळींची नक्कल होती. "पत्रान्वये." तेव्हाचे आयुक्त आणि आताचे आमचे साहेब, शब्द जवळपास तोच.

दुसरा निकाल उसाचा आहे, आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळेल. बिहारमध्ये कोणती गावं कोणत्या कारखान्याला ऊस घालणार हे ठरवायचा अधिकार ऊस आयुक्तांचा. एका कारखान्याला दिलेल्या क्षेत्रातली काही गावं काढून दुसऱ्याला द्या, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आणि आयुक्तांनी तसं केलं. सर्वोच्च न्यायालयानं १९६८ मध्ये तो आदेश रद्द केला. अधिकार आयुक्तांना होता, पण त्यांनी तो वापरलाच नाही, मुख्यमंत्र्यांच्या हाती देऊन टाकला, असं न्यायालयाचं म्हणणं. मुख्यमंत्री म्हणजे राज्यातला सगळ्यात मोठा माणूस. तरीसुद्धा ऊस आयुक्तांच्या खुर्चीवर बसून त्यांना गावं वाटता येत नाहीत.

तिसरा निकाल लिहिताना हात अडखळतो. तो आपल्या लातूरच्या माणसाबद्दल आहे. विलासराव देशमुखांबद्दल आमच्या घरात आजही आदरानं बोलतात; मालकांनी त्यांची एकही सभा चुकवली नव्हती. ते मुख्यमंत्री असताना २००६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात खामगावला एका आमदाराच्या कुटुंबावर सावकारीच्या तक्रारी झाल्या. तक्रार करणारे शेतकरी होते. मुख्यमंत्री कार्यालयातून निरोप गेला की या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी जिल्हा समितीकडं पाठवा, कायदेशीर मत घ्या, मगच गुन्हा नोंदवा. पोलीस ठाण्याच्या डायरीत त्या फोनची नोंद झाली होती. नागपूर खंडपीठानं सरकारला पंचवीस हजारांचा खर्च लावला. सरकार वर गेलं, तर डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो खर्च वाढवून दहा लाख केला आणि हा हस्तक्षेप घटनेला धरून नाही असं सांगितलं. माणूस आपला, कामं केलेला, लाडका. पण फोनच्या दुसऱ्या टोकाला शेतकरी होता, आणि मी आता त्या टोकाला उभी होते. त्यामुळं हे लपवून ठेवणं मला जमायचं नाही.

या निकालातली एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली. फोन झाला, पण कुणीतरी तो लिहून ठेवला. लिहिला नसता तर तो झालाच नाही असं झालं असतं.

मंत्र्यांना अधिकारच नाहीत, असं कुणी माझ्या लिहिण्यातून काढू नये. धोरण त्यांनीच ठरवायचं. शेतरस्ता किती फुटांचा असावा, मोजणीची फी किती, केसेस किती दिवसांत निकाली काढायच्या, हे त्यांनी सगळ्या महाराष्ट्राला एकदम सांगावं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा वरून हुकूम सुटले म्हणूनच घागर भरली, मी स्वतः त्या रांगांत उभी होते. जमीन महसूल संहितेत तर कलम २५७ खाली शासनाला पुनरीक्षणाचा अधिकार आहे. त्यात मंत्री रीतसर सुनावणी घेतात, दोन्ही बाजूंना बोलावतात, आदेशाखाली सही करतात आणि त्या आदेशावर कोर्टात जाता येतं. ते कायद्यानं दिलेलं काम आहे. माझ्या केसमध्ये सुनावणी नव्हती, कलम नव्हतं, मंत्र्यांची सहीसुद्धा नव्हती.

डिसेंबर-जानेवारी असेच गेले. तीन तारखांना "साहेब बैठकीला गेलेत" ऐकून परत आले. हरभरा घाट्यात आला होता आणि मला बनीमीचा वास आठवत होता. शेवटी काकांनी दोन पानांचा अर्ज लिहिला, एकशे वीस रुपये. त्यात कुणावर आरोप नव्हता, मंत्र्यांचं नाव नव्हतं. मागणं तीनच. आलेलं पत्र आणि त्याबाबत फोन आला असल्यास तोही रोजनाम्यात, म्हणजे केसमध्ये रोज काय झालं ते लिहितात त्या कागदात, नोंदवावा. स्थगिती कायद्याच्या कोणत्या कलमाखाली दिली ते आदेशात लिहावं. आणि समोरच्यांची हरकत असेल तर त्यांना कलम २३ प्रमाणे सक्षम अधिकाऱ्यांकडं जायला सांगावं, तोवर स्वतःचा आदेश स्वतःच्या विचारानं चालवावा. अंधेरीचा निकाल एका परिच्छेदात होता.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तारीख होती. भाऊजी आले होते, सोबत पक्षाचे दोघे. साहेबांनी माझा अर्ज वाचला. पहिलं पान उलटलं, परत मागं आले, परत वाचलं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मग मला म्हणाले, "ताई, तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नसतं हे." रागानं नाही म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, मला म्हाईत हाय. म्हणूनच लिहून द्या म्हणायलेय. लिहिलं की तुमच्यावर येत नाही."

हे मी मनापासून बोलले. या माणसांची बाजूही मला दिसते. एका फोनवर बदली होते, भाड्याचं घर, लेकराची शाळा मधेच. खरंतर महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, साधारण तीन वर्षं एका जागी ठेवावं आणि मुदतीआधी हलवायचं तर कारण लेखी द्यावं असं तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयानंही २०१३ मध्ये सांगितलंय की अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमांवर चालू नये, ते लिहून ठेवावेत. कायदा पाठीशी आहे, पण संध्याकाळी फोन वाजतो तेव्हा अधिकारी खोलीत एकटाच असतो. त्याच्या हातात रोजनामा असतो एवढंच.

साहेबांनी पेशकार ताईंना रोजनाम्याचा कागद पुढं घ्यायला सांगितला आणि स्वतः बोलून लिहून घेतलं. ती नक्कल माझ्याजवळ आहे. अमुक तारखेचं पत्र प्राप्त, ते प्रकरणात सामील. सदर पत्र निवेदन अग्रेषित करणारे असून मामलेदार न्यायालय अधिनियमाखालील आदेश नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची स्थगिती सादर करण्यात आलेली नाही. यापूर्वी दिलेली स्थगिती मागे घेण्यात येते. सामनेवाला यांना कलम २३ अन्वये दाद मागण्याची मुभा आहे. सात ओळी झाल्या. पक्षाचे दोघे उठून बाहेर गेले, फोन लावायला असेल. साहेबांनी तोवर सही केली, तारीख घातली आणि शिक्का स्वतः मारला.

सहा दिवसांनी बंदोबस्तात तार निघाली. पोलीस दोन, मंडळ अधिकारी, जेसीबी. खांब उपटले तेव्हा भाऊजी बांधावर उभे होते. कुणी कुणाला बोललं नाही. हरभऱ्याला मळणीयंत्र थेट रानात गेलं, एका दुपारीत काम झालं, अकरा कट्टे.

म्हणून साडेतीन. स्थळ पाहणी, निकालाची भाषा, पेशकार ताईंची वागणूक आणि शेवटच्या त्या सात ओळी, याचे गुण मोकळ्या मनानं दिले. बाकं आणि कुलूप यांचे मी कापलेले नाहीत, ते नवीन इमारत झाली की सुटेल म्हणतात. पण नोव्हेंबरातल्या तीन ओळींचे दीड गुण नंतरच्या सात ओळींनी परत येत नाहीत. मधले सत्तर दिवस माझे गेलेत.

कुणाची केस चालू असेल आणि अचानक "वरून आलंय" असं ऐकायला मिळालं, तर भांडू नका, रडू नका, लगेच नकलेचा अर्ज टाका. नक्कल दिली नाही तर माहिती अधिकार आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आदेशात "पत्रान्वये", "निर्देशानुसार" असे शब्द असतील तर त्यावर लाल पेनानं खूण करा आणि कलम विचारा. तोंडी विचारू नका, लेखी विचारा, पोच घ्या. आणि मंत्र्यांच्या कार्यालयात तुमचं स्वतःचं निवेदन गेलं असेल आणि तुमच्या बाजूनं असंच पत्र निघालं असेल, तरी ते केसमध्ये वापरू नका. मलाही एकानं सुचवलं होतं, "आपण दुसऱ्या मंत्र्याचं आणू." मी नाही म्हटलं. उद्या सरकार बदललं की माझ्या वाटेचं काय?

भाऊजींनी आता उपविभागीय अधिकाऱ्यांकडं फेरतपासणीचा अर्ज केलाय. ते त्यांचं हक्काचं दार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला नोटीस आली, म्हणणं द्यायला मुदत मिळाली, त्यांच्या अर्जाची प्रतही मिळाली. सातबाऱ्याच्या इतर हक्कात वाटेची नोंद घ्यायचा माझा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडं पडून आहे, तो तेवढा हलवायचाय. उपविभागातली तारीख येत्या मंगळवारी आहे. आत्याबाई येते म्हणायल्यात, जीपमध्ये पुढं बसवून नेणार आहे.